लटकून पाहिलेला कनेक्टर

आण्णा मगदूम स्वतःच्या घराच्या दाराला लटकायचे. व्यायाम म्हणून नव्हे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहणाऱ्या माणसाला व्यायामासाठी दाराला लटकायची गरज नाही, तिथं पावलागणिक तालीम आहे. आण्णा लटकायचे ते एका काळ्या केबलला. केबलच्या टोकाला अंगठ्याएवढा कनेक्टर. तो कनेक्टर दाराच्या चौकटीवर पक्क्या बसवलेल्या सॉकेटमध्ये पिळून घट्ट केलेला. आणि खाली, केबलचे हाताला दोन वेढे देऊन, पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून, अठ्ठावन्न किलोंचे आण्णा. मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे. वीस झाले की पाय टेकायचे आणि म्हणायचे, "हां. आता ह्यो संसाराला लागला."

कनेक्टरचं सोल्डरिंग तपासायची ही पद्धत जगातल्या कुठल्याही पुस्तकात नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो, त्यामुळे पुस्तकं बघून झाली आहेत. मी त्यांना एकदा म्हणालो, "आण्णा, मीटर लावून बघा की. लटकताय कशाला?"

"मीटर खोटं बोलतंय सर. वजन खोटं बोलत न्हाई."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारी परवाना घेऊन घरातल्या वायरलेस सेटवरून जगभरच्या लोकांशी बोलायचा एक छंद असतो. तो करणाऱ्यांना हॅम म्हणतात. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आम्ही असे दहा-अकरा जण होतो. प्रत्येकाच्या घरी एक सेट, गच्चीवर एक अँटेना आणि या दोघांना जोडणारी जाड काळी केबल. या केबलच्या पोटात तांब्याची तार, तिच्यावर पांढरं प्लॅस्टिक, त्यावर तांब्याची विणलेली जाळी आणि सगळ्यांत वर काळं आवरण. हे सगळं सोलून, टोकाला कनेक्टर चढवून, आतली तार आतल्या पिनेला आणि जाळी बाहेरच्या अंगाला सोल्डर करायची, म्हणजे कथलाचा डाग द्यायचा. उष्णता कमी पडली तर सोल्डर धरत नाही आणि जास्त झाली तर आतलं प्लॅस्टिक वितळून सगळा शिरा होतो. अकरा जणांपैकी हे काम खरं येत होतं ते एकट्या आण्णांना. उद्यमनगरात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शिक्षण नववी. परवान्याच्या परीक्षेला इंग्रजीची भीती होती, पण मोर्सच्या सांकेतिक कडकट्टला गावच्या भजनात वाजवलेली ढोलकी कामाला आली. आम्ही पदवीधर मंडळी दोन-दोनदा नापास झालो. आण्णा पहिल्या फटक्यात पास.

आमच्या सगळ्यांचे कनेक्टर तेच करून द्यायचे. आणि देताना दर वेळी एकच वाक्य, "आजपातुर एक बी परत आला न्हाई."

हे वाक्य ते अठ्ठ्याण्णव सालापर्यंत म्हणायचे. मग बंद झालं. का बंद झालं ते आमच्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यांना चुकीचं ठाऊक आहे. बरोबर काय ते मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहायला घेतलंय. पण आधी आण्णा कळायला हवेत. नाहीतर त्या वाक्याची किंमत कळायची नाही.

आण्णा मंगळवार पेठेतल्या त्या भाड्याच्या खोलीत राहायला आले त्याच महिन्यातली गोष्ट. घरमालकीण शेवंतावहिनी खाली राहायच्या. त्या विरजणाला दही मागायला वर आल्या आणि बघतात तो नवा भाडेकरू दाराला लोंबकळतोय, डोळे मिटलेले. वहिनींनी जी किंकाळी फोडली ती समोरच्या तालमीत आखाड्यापर्यंत गेली. दोन पैलवान अंगाला माती तशीच घेऊन धावत वर आले. एकानं पायाला मिठी मारून आण्णांना वर उचललं. दुसऱ्याला वाटलं खाली घ्यायचंय, त्यानं कमरेला धरून खाली ओढलं.

"सोडा, सोडा! अजून बाराच झाल्यात!" आण्णा ओरडत होते.

"कसली बारा? वहिनी, शुद्धीत न्हाईत ह्ये!"

मग दोघांचं एकमत झालं आणि दोघांनीही खाली ओढलं. कनेक्टर निघाला नाही. चौकट निघाली. लाकूड, चुना, विटांचे तुकडे, दोन पैलवान आणि आण्णा असा सगळा ढीग वहिनींच्या पायाशी आला. धुरळा बसल्यावर आण्णांनी आधी कनेक्टर शोधला. फुंकर मारली. उजेडात धरून बघितला आणि सगळ्यांना दाखवला. "बगा. जागच्या जागी हाय."

थोरला पैलवान डोक्यातला चुना झाडत म्हणाला, "पावणं, ह्यो डाव कुठला म्हणायचा?"

पुढं चौकट आण्णांनी स्वतः बसवली, लोखंडी अँगलची. वहिनींची आणि त्यांची तेव्हापासून जी जुळली ती अशी, की भांडल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नसे. भांडणाचं कारण गच्चीवरची अँटेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली सुरेख तांब्याची तार, ती बाईमाणसाला कपडे वाळत घालायला सोडून दुसऱ्या कशासाठी असेल असं वाटणंच शक्य नाही. तारेवर ओलं काही पडलं की आण्णांच्या सेटवरचा काटा हलायचा. काटा किती हलला त्यावरून काय पडलंय ते त्यांना कळायचं. मी समोर बसलेलो असताना ते काट्याकडे बघून म्हणाले, "टॉवेल." थोड्या वेळानं, "दुसरा टॉवेल." मग एकदम काटा झोपला तसे उठून जिन्यात गेले आणि ओरडले, "वहिनी, चादर काढा! जपान ऐकू येईना!"

खालून आवाज, "जपानला सांगा, वाळली की काढते!"

जपानलाच कशाला, आण्णा सगळ्या जगाशी बोलायचे. तालमीतल्या पोरांना याचं मोठं कौतुक. संध्याकाळी कट्ट्यावर आण्णांना घेरायचे. "आण्णा, आज कोण?"

"रशिया."

"काय म्हणाला?"

"तुमचा आवाज चांगला येतोय म्हणाला."

"तुम्ही काय म्हणाला?"

"म्हटलं तुमचा बी चांगला येतोय."

"आनि?"

"आनि काय? त्याच्याकडं थंडी हाय म्हणाला. म्हटलं हिकडं बरी हाय. संपलं."

पोरं हताश व्हायची. एवढा सेट, एवढी केबल, गच्चीभर तार आणि बोलणं काय, तर हवापाणी. एक जण म्हणाला, "आण्णा, एवढं तर आमची आजी पारावर बसून बोलती." आण्णांनी त्याला समजावलं, "आवाज पोचला ह्येच बोलणं, मर्दा. बाकी सगळी भर."

माणसं, पक्ष, लग्नं, मिसळ, सगळं काही ते सोल्डरच्या मापानं मोजायचे. न धरलेल्या सोल्डरला टीव्ही दुरुस्त करणारे ड्राय म्हणतात. वरून गोळा दिसतो, आत पकड नसते. आण्णा कुठल्याही नेत्याचं भाषण ऐकून म्हणायचे, "ड्राय हाय." आमच्या शाळेचे हेडमास्तर त्यांना एकदाच भेटले. हात मिळवून गेले. आण्णा म्हणाले, "सर, ह्यांच्यावर वजन टाकू नका. निघतील."

लग्न त्यांचं या ड्रायपायीच झालं नाही. तरुणपणी हुपरीची एक मुलगी बघायला गेले होते. मुलीचे वडील चांदीचे कारागीर. मुलगी पोहे घेऊन आली, दिसायला चांगली होती, आण्णांना पसंत होती. पण खाली मान घालून बसलेल्या आण्णांना मुलीच्या चेहऱ्याआधी तिचे पाय दिसले.

"म्हटलं, पावणं, डाव्या पायातल्या पैंजणाचा टाका ड्राय हाय. पडंल कुठंतरी."

"मग?"

"मग पावणं म्हणालं, त्यो टाका मी मारलाय."

"मग?"

"मग मी म्हटलं, तर मग दुरुस्त बी तुम्हीच करा. तवर आमच्या मामानं मला दंडाला धरून उठवलं हुतं. पोहं तसंच ऱ्हायलं, सर."

"आणि दुसरीकडे कुठे बघितलं नाही?"

"न्हाई. सवड कुठं?" असं म्हणून आण्णांनी स्टोव्हला पंप मारला. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "पण ड्रायच हुता."

मी दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जायचो. त्र्याण्णव साली मला परवाना मिळाला तेव्हापासूनचा तो शिरस्ता. त्यांच्याकडे विजेची सोल्डरिंग गन नव्हती असं नाही, पण जाड केबलला तिची उष्णता पुरत नाही असं त्यांचं म्हणणं. लोखंडी दांड्याच्या टोकाला तांब्याचा ठोकळा, तो रॉकेलच्या स्टोव्हवर तापवायचा. ठोकळा उतरला की त्याच स्टोव्हवर चहा चढायचा. त्यामुळे त्यांच्या चहाला सोल्डरच्या राळेचा वास असे. पहिले दोन महिने मी तो नाक दाबून प्यालो. नंतर घरचा चहा मिळमिळीत लागायला लागला.

मला त्यांनी कनेक्टर शिकवला तो दिवस मी विसरणार नाही. या कनेक्टरला बाहेरून एक सुटी रिंग असते. आतून आटे असलेली. तीच सेटवर पिळून घट्ट करायची असते. गंमत अशी, की ती केबलवर आधी ओवून ठेवावी लागते. दुसऱ्या टोकालाही कनेक्टर असतो, त्यामुळे हा सोल्डर झाला की मग ती कुठल्याच बाजूनं चढत नाही. मी घाम गाळून, बोटं भाजून, पाऊण तासात कनेक्टर केला. चांदीसारखा चमकत होता.

"झालं सर?"

"झालं."

"लई झ्याक झालंय. आता ती टेबलावरची रिंग कुठनं घालायची? नाकातनं?"

रिंग टेबलावर माझ्याकडे बघत होती. आण्णा हसले ते खोकला येईपर्यंत हसले. मग पाठीवर थाप मारून म्हणाले, "परत्येक जण एकदा इसरतो. ज्यो दुसऱ्यांदा इसरंल त्यो हॅम न्हाई, हमाल. ध्येनात ठेवा सर, मागनं बुद्धी येती, रिंग येत न्हाई."

तेव्हापासून "आधी रिंग" हा आमचा मंत्र झाला. आण्णा तो कुठेही वापरायचे. वहिनी उपीट करत असल्या की जिन्यातून विचारायचे, "वहिनी, रिंग घातली?" म्हणजे मीठ. वहिनी म्हणायच्या, "घातली, घातली!" मीही आमच्या हॅम क्लबात नव्या येणाऱ्यांना केबल कशी सोलायची ते शिकवायला लागलो आणि त्यांना ऐटीत सांगायला लागलो, आधी रिंग. मास्तरच तो. दुसऱ्याला शिकवलं की स्वतःला येतं असं त्याला वाटायला लागतं.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या क्लबनं शहराबाहेरच्या एका डोंगरावर रिपीटर बसवायचं ठरवलं. रिपीटर म्हणजे इकडचा आवाज ऐकून तो जोरात पुढे पाठवणारा सेट. क्लबचे अध्यक्ष तेव्हा दातांचे एक डॉक्टर होते. उत्साही गृहस्थ. त्यांनी उद्घाटनाला एका बड्या साहेबांना बोलावलं, मांडव घातला, खुर्च्या मागवल्या. डोंगरावरच्या खोलीची सगळी जबाबदारी माझ्याकडे. खोलीतल्या सेटपासून खांबावरच्या अँटेनापर्यंतची केबल अर्थात आण्णांकडे. ती त्यांनी घरी करून, दोन्ही टोकांना दोन-दोनदा लटकून, देवाचं तोरण आणावं तशी खांद्यावर घालून आणली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी खोलीत एकटा होतो. डॉक्टर बाहेर खुर्च्या मांडून घेत होते. आण्णा खांबाला ताण द्यायची तार आणायला खाली गावात गेले होते. मी केबल आत घ्यायला गेलो तर गवंड्यानं भिंतीत बसवलेला पाइप अरुंद. केबल जात होती, कनेक्टर जात नव्हता.

आण्णा येईपर्यंत मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. पक्कड घेतली आणि आण्णांचा कनेक्टर कापून टाकला. केबल आत ओढली. आण्णांच्या थैलीतून नवा कनेक्टर काढला, त्यांनी सोबत आणलेला स्टोव्ह पेटवला, ठोकळा तापवला आणि सोल्डर केला. देखणा झाला. मी जरा लांब धरून त्याच्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. रिंग सेटच्या रिकाम्या खोक्यावर पडली होती.

थैलीत आणखी एक कनेक्टर होता. केबलही हातभर जास्त होती. पुन्हा कापून पुन्हा करायला अर्धा तास लागला असता, एवढंच. पण खालच्या पायवाटेनं आण्णांचा आवाज यायला लागला होता. भजन म्हणत वर येत होते. ते दारात येणार, खोक्यावरची रिंग बघणार, बाहेर डॉक्टरांना हाक मारून बोलावणार आणि सगळ्यांसमोर विचारणार, "सर, नाकातनं घालणार का?" पाच वर्षं लोकांना "आधी रिंग" शिकवणाऱ्या मला ते सोसवलं नसतं.

मी करवतीच्या पात्यानं ती रिंग उभी चिरली. पकडीनं फाकवली, कनेक्टरवर चढवली, पुन्हा दाबून मिटवली आणि सेटवर कशीबशी अडकवून वर काळ्या टेपचे वेढे दिले. भरपूर दिले. आण्णा दारात आले तेव्हा मी हात पुसत होतो.

"पाइपातनं गेला व्हय कनेक्टर?"

"भोक मोठं केलं," मी म्हणालो.

"शाब्बास सर." मग टेपकडे बघून, "लटकून बघू का?"

"घरी दोन-दोनदा लटकलात की. आता काय लटकताय?"

"त्ये बी खरं," म्हणाले. सेट चालू केला, खाली शहरात एकाला हाक मारली, त्यानं आवाज स्वच्छ येतोय म्हणून सांगितलं. सगळे खूश. डॉक्टरांनी पेढा दिला. मी खाल्ला.

रात्रभर डोंगरावर वारा होता. खांब हलला, केबल ओढली गेली आणि सकाळी साहेबांनी माइक हातात घेतला तेव्हा माझी चिरलेली रिंग टेपच्या आत सुटून बसलेली होती. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी दळणवळणाचं महत्त्व सांगितलं. संकटकाळी असे छंदच कसे उपयोगी पडतात ते सांगितलं. स्वतःच्या लहानपणी गावात एकच रेडिओ होता तेही सांगितलं. सात-आठ मिनिटं ते कुणालाही ऐकू न जाणारं भाषण करत होते. शेवटी डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे "ओव्हर" म्हणाले आणि शहरातून उत्तर येण्याची वाट बघत उभे राहिले. आम्ही सगळे उभे. मांडव उभा. काही नाही. सेटमधून नुसतं फस्स.

साहेब डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "छान. आवाजात अजिबात खरखर नाही."

चहा घेऊन साहेब गेले. ते बिचारे समाधानानं गेले. गाडी वळणापलीकडे गेली आणि डॉक्टर कडाडले, "आण्णा! कनेक्टर कुणाचा?"

"माझाच की."

"मग बघा जाऊन!"

आण्णा खोलीत गेले. मी दारात उभा राहिलो. बाकीचे मांडवातच होते. आण्णांनी खाली बसून टेपचे वेढे सोडवायला सुरुवात केली. मी दिलेच इतके होते की बराच वेळ लागला. शेवटचा वेढा निघाला तशी चिरलेली रिंग त्यांच्या तळहातावर पडली. त्यांनी ती उलटी-सुलटी केली. भिंतीतल्या पाइपकडे बघितलं, त्याचं भोक होतं तेवढंच होतं. माझ्याकडे बघितलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी जमिनीकडे बघत होतो. पक्कड कट्‌ वाजली. कनेक्टर कापून त्यांनी खिशात टाकला आणि माझ्या शेजारून बाहेर गेले.

"माझाच हाय," ते डॉक्टरांना म्हणाले. "ड्राय निघाला."

मग जो हशा पिकला! सगळ्या जगाला ड्राय म्हणणारा माणूस स्वतः ड्राय निघाला, याच्याइतकी गोड गोष्ट आमच्या क्लबात कधी घडलीच नव्हती. डॉक्टर हसले, खुर्च्या उचलणारे हसले, आण्णाही हसले. आणि लाज सांगायची तर, मीही हसलो.

त्यानंतर आण्णांचं नाव ड्रायआण्णा पडलं. डॉक्टरांनी पुण्याहून कनेक्टर नुसते दाबून बसवायचं हत्यार आणलं, सोल्डरची भानगडच नको. आण्णांकडे केबल घेऊन जाणं एकेकानं थांबवलं. रविवारी सकाळी आम्ही सगळे सेटवर जमायचो तेव्हा कुणीतरी हमखास म्हणायचं, "आण्णा, आज आवाज जरा ड्राय येतोय." आण्णा म्हणायचे, "येनारच की." मी घरी सेटसमोर बसून ऐकायचो. माइकचं बटण माझ्या अंगठ्याखाली असायचं.

मी गुरुवारी जाणं टाळायला लागलो. आधी सहामाहीचे पेपर होते. मग वार्षिकचे. मग मुलीचं लग्न निघालं. मग माझा गुडघा दुखायला लागला, जो स्कूटर चालवताना कधीच दुखत नसे. पुढं मोबाइल आले, क्लबातली गर्दी ओसरली, अध्यक्षपद माझ्याकडे आलं, मला एकदा शाल-श्रीफळही मिळालं. अशी नऊ वर्षं गेली.

दोन हजार सात साली क्लबची स्मरणिका काढायचं ठरलं. इतिहासाचा लेख माझ्याकडे. डॉक्टरांचा फोन आला, "त्यात आण्णांच्या ड्राय सोल्डरचा किस्सा घाला हं. लोक हसतील." मी बरं म्हणालो आणि लिहायला बसलो. "श्री. मगदूम यांनी केलेला कनेक्टर" एवढं लिहिलं. पुढं पेन गेलं नाही. दुपारीच स्कूटर काढली आणि मंगळवार पेठेत गेलो.

आण्णा जिन्यातच भेटले. बाहत्तरीचे झाले होते, उद्यमनगरातलं दुकान बंद केलेलं. मला बघून असे खूश झाले, जणू मी कालपरवाच येऊन गेलो होतो. "या या सर! बसा की! वहिनी, सर आल्यात!" खालून वहिनी म्हणाल्या, "कोण सर?"

चहा आला. राळेचा वास नव्हता. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. पाइप, पक्कड, रिंग, करवत, टेप, सगळं. माझं संपल्यावर आण्णा म्हणाले, "म्हाईत हाय की."

"कधी कळलं?"

"तवाच. टेप उलटी गुंडाळल्याली. आपल्यात डावरं तुम्ही एकटंच."

"आणि तो कनेक्टर?"

"फेकला. ठिवून काय करायचाय?"

"आण्णा, मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

आण्णांनी लुंगीला हात पुसले. "बोललो असतो तर तुम्हाला लाज वाटली असती. लाज वाटली की मानूस येत न्हाई. बाकी सगळी केबल घिऊन यायची हो सर. तुम्ही तेवढं हात हलवत यायचासा." मग हवापाणी सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "मी गप बसलो. तरी बी तुम्ही आला न्हाईसा."

मी म्हणालो, "स्मरणिकेत खरं लिहितो."

"नगं. लोकं तुम्हाला हसतील."

"नऊ वर्षं तुम्हाला हसले."

"मला सवं झालीया. तुम्हाला कुठं हाय?" थोडा विचार करून म्हणाले, "लिवायचंच असलं तर त्यो कनेक्टर दिसायला चांगला हुता, त्ये बी लिवा. खरंच चांगला जमला हुता."

तर लिहितो. डोंगरावर निकामी झालेला तो कनेक्टर मी केला होता, मीच रिंग विसरलो होतो आणि मीच गप्प राहिलो. आण्णाप्पा मगदूम यांनी केलेला एकही कनेक्टर कधीही परत आलेला नाही. आमच्या क्लबच्या इतिहासात एवढंच वाक्य निर्विवाद आहे.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा आण्णा मला सोडायला खाली आले. कठडा धरून, एकेक पायरी मोजत. मी स्कूटर चालू केली. त्यांनी हँडलवर हात ठेवला.

"पोरगी पुण्यातच असती न्हवं?"

"हो."

"जावई?"

"बरे आहेत."

"आनि तुमच्या दारचा पेरू? धरतोय का?"

"यंदा कमी धरला."

शेवंतावहिनी खिडकीतून ओरडल्या, "जायचं तर जावा की! धूर आत यायलाय सगळा!" आण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही. हात हँडलवरच होता. ते आणखी काहीतरी आठवत होते.

"आनि त्ये तुमचं मांजर?"

"आण्णा, आमच्याकडे मांजर कधीच नव्हतं."

"न्हवतं व्हय?" ते म्हणाले. "मग दुसऱ्या कुनाचं तरी असंल."

हात काही निघाला नाही. मी गाडी बंद केली आणि स्टँडवर लावली.